मुंब्रा येथील मुलींचा फुटबॉल

ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत, पारसिक डोंगर व खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात वसलेल्या मुंब्र्यात मुलींनी उघड्या मैदानावर फुटबॉल खेळण्याचा प्रघात. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर येथे अनेक मुस्लिम कुटुंबे राहावयास आली. वस्ती दाटत गेली, मोकळ्या जागा आक्रसल्या आणि उरलेल्या मैदानांवर मुलगेच खेळत.

प्रारंभ सामान्यतः २०१२ च्या सुमारास मानतात व त्याचे श्रेय ‘परचम’ या संस्थेला आणि तिच्या संस्थापकांपैकी सबाह खान यांना देतात. मुलींनी सह्या गोळा करून लोकप्रतिनिधींकडे राखीव मैदान मागितले, तेथूनच खरा प्रारंभ धरावा, असेही म्हणता येईल. तथापि ही मागणी आधीच खेळू लागलेल्या मुलींची असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. संघात आरंभापासून मुस्लिम मुलींबरोबर इतर धर्मीय मुलीही होत्या, आणि फातिमा शेख (सावित्रीबाईंच्या मुस्लिम सहकारी) व सावित्रीबाई फुले यांच्या जोडनावाने स्पर्धा भरविण्यामागे हीच दृष्टी दिसते.

पोशाखाचा प्रश्न येथे गौण नव्हता. बुरख्यात मैदानावर यायचे, तो घडी घालून दप्तरावर ठेवायचा आणि लांब विजारीवर संघाची जर्सी घालून, डोक्याचा रुमाल घट्ट बांधून खेळायचे, ही सोय मुलींनी स्वतःच काढली. डोके झाकून खेळण्यास आंतरराष्ट्रीय नियम मात्र दीर्घकाळ प्रतिकूल होता: जून २०११ मध्ये अम्मान येथे ऑलिंपिक पात्रता फेरीत इराणच्या महिला संघाला याच कारणावरून जॉर्डनविरुद्धचा सामना गमवावा लागला. जुलै २०१२ मध्ये शिरोवस्त्रास प्रायोगिक आणि मार्च २०१४ मध्ये कायम मान्यता मिळाली. ते काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे, जर्सीला जोडलेले नसावे, त्याचा कोणताही भाग बाहेर लोंबू नये आणि गळ्याभोवती उघडझाप होणारे धोकादायक बंद नसावेत, अशा अटी आहेत. मुंब्र्यातील खेळाची सुरुवात आणि ही प्रायोगिक मान्यता एकाच वर्षातली. त्यांत कार्यकारणसंबंध मानण्यास मात्र आधार नाही.

घरच्यांची संमती हा सर्वांत कठीण टप्पा होय. ती बहुधा आईमार्फत मिळते आणि दिवेलागणीपूर्वी परतण्याच्या बोलीवर टिकते. म्हणून घराजवळचे, ठरलेल्या वेळी मुलींसाठी मोकळे असणारे मैदान येथे प्रशिक्षकाइतकेच निर्णायक ठरते.

जिल्ह्यातच, नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात स्पेनने कोलंबियावर १-० असा विजय मिळविला.