हिंसापीडित साहाय्य सेवा

कौटुंबिक हिंसा, लैंगिक अत्याचार, मारहाण, पाठलाग, मानवी तस्करी यांतून वाचलेल्या व्यक्तींना सुरक्षितता, उपचार, समुपदेशन, कायदेशीर माहिती आणि भरपाई मिळवून देणारी व्यवस्था. खून झालेल्यांचे नातलगही तिच्या कक्षेत येतात. या सेवेचा कणा म्हणजे पाठराखण करणारी कार्यकर्ती. ती पोलीस नसते, वकील नसते, डॉक्टरही नसते. पण या तिघांकडे जाताना ती पीडितेच्या बाजूने सोबत असते. तटस्थ मध्यस्थी हे तिचे काम नव्हे आणि समेट घडवून आणणे तर नव्हेच.

अनेक देशांत फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो आणि ज्याला इजा झाली तो त्यात नुसता साक्षीदार उरतो. न्यूझीलंडने १९६३ मध्ये अशांना सरकारी भरपाई देणारा कायदा केला; पुढच्या वर्षी ब्रिटननेही योजना आणली. पैशाने भागत नाही, हे स्त्री-चळवळीने दाखवून दिले. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह उघडले आणि त्याच सुमारास अमेरिकेत बलात्कार-साहाय्य केंद्रे सुरू झाली. परिचारिका अ‍ॅन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतर बॉस्टनच्या रुग्णालयात आलेल्या स्त्रियांशी बोलून १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. काही जणी रडत होत्या, तर काही अगदी शांत बसलेल्या होत्या. ‘हिच्यावर खरेच अत्याचार झाला असता तर ही इतकी शांत कशी?’ या शंकेला त्यातून उत्तर मिळाले. ती शंका अजूनही पुरती गेलेली नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशात त्याहून नेमकी तरतूद आहे : तक्रार नोंदवलेली असो वा नसो, मदत मिळालीच पाहिजे.

प्रत्यक्ष काम धोक्याच्या अंदाजापासून सुरू होते. गळा दाबण्याचा प्रकार झाला होता का, घरात शस्त्र आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, हे आधी विचारतात. गळा दाबला गेला असेल तर पुढे जिवावर बेतण्याचा संभव बराच वाढतो. नाते तोडून बाहेर पडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून ‘घर सोड’ असा सल्ला घाईने दिला जात नाही. कागदपत्रे कुठे ठेवायची, मुलांना काय सांगायचे, फोनवरून ठावठिकाणा कळतो का, याची योजना पीडितेसोबत बसून आखली जाते. वैद्यकीय तपासणी करून घ्यायची की नाही, फिर्याद द्यायची की नाही, हे तीच ठरवते. पुरावा काही दिवसांतच नष्ट होतो, हे मात्र तिला स्पष्ट सांगावे लागते. न्यायालयात वेगळी बसण्याची जागा किंवा पडद्याआडून साक्ष देण्याची सोय मागता येते.

गोपनीयता हा वादाचा मुद्दा आहे. अमेरिकेतील डुलुथ शहरात १९८० च्या दशकात पोलीस, न्यायालय आणि स्त्री-संघटना यांना एकत्र आणणारी पद्धत घडली. ब्रिटनमधील कार्डिफ शहरात २००३ पासून अतिजोखमीच्या प्रकरणांवर संयुक्त बैठका होऊ लागल्या. समन्वयाने जीव वाचू शकतात, पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट अनेक कार्यालयांत पोचते. कार्यकर्तीचा पगार पोलीस खाते देत असेल, तर पोलिसांविरुद्धची तक्रार तिच्याकडे कोण नेणार?

निधीचे प्रश्न वेगळेच आहेत. अमेरिकेतील १९८४ चा पीडित-निधी मुख्यतः संघीय गुन्ह्यांतील दंडातून भरतो. बड्या कंपन्यांचे दंड कमी जमा झाले की काही काळाने आश्रयगृहांचे अनुदानही घटते.