घंटेचे सर्किट, प्रतिकृती रेल्वेतील

छोट्या प्रतिकृती रेल्वेत स्थानकाच्या किंवा इंजिनाच्या घंटेचा आवाज काढणारे साधे इलेक्ट्रॉनिक सर्किट.

बडोद्यात प्रतिकृती रेल्वेचा देखावा उभारणाऱ्यांना डभोई–मियागाम हा नॅरोगेज मार्ग जवळचा. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीतील, रुळांमध्ये 762 मिमी. रुंदी असलेल्या या मार्गाचा आरंभ सामान्यतः 1862 मानतात. मात्र तेव्हा डबे बैल ओढीत. वाफेची इंजिने 1863 मध्ये आली, म्हणून तेच वर्ष वाफेच्या वाहतुकीचे धरण्याकडेही कल दिसतो. परंतु हलक्या रुळांना त्यांचा भार पेलला नाही आणि इंजिने नियमित धावू लागली ती 1880 च्या सुमारास. हे पाहता देखाव्यात इंजिन ठेवायचे तर 1880 नंतरचा काळ घेणे अधिक युक्त. 1:87 प्रमाणात ही रुंदी 8.76 मिमी. भरते, त्यामुळे 9 मिमी.चे तयार रूळ चालतात.

घंटा इंजिनाची की स्थानकाची, हेही देखावा कोणत्या रेल्वेचा यावरच ठरते. इंजिनावर डोलणारी घंटा ही अमेरिकी रेल्वेची खूण. आपल्याकडे इंजिनाला सहसा शिटी असे. घंटा स्थानकावर, अनेकदा टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोका देऊन वाजवीत. डभोईच्या देखाव्यात तीच शोभते.

आवाजाचा प्राण ठोक्यात नसून विरत जाणाऱ्या नादात असतो. त्यासाठी बीसी 547 ट्रान्झिस्टरभोवती दुहेरी-टी जाळे (रेझिस्टर व कपॅसिटर यांच्या इंग्रजी T आकाराच्या दोन जोडण्या) जोडतात: 22 किलोओहमचे दोन रेझिस्टर, 10 नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, मधल्या एका पायात तसेच दोन कपॅसिटर समांतर आणि दुसऱ्यात 10 किलोओहमचा प्रिसेट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर). सूत्राने कंप्रता सुमारे 720 हर्ट्झ येते. प्रिसेटचा रोध कमी केला की स्वर थोडा चढतो. प्रिसेट फिरवताना अखंड शीळ सुरू होते त्या जागेवरून किंचित मागे यावे. तेथे छोट्या कपॅसिटरमधून एक स्पंद (विजेचा क्षणिक धक्का) दिला, की नाद उमटून हळूहळू विरतो. फार मागे गेल्यास नुसती टकटक ऐकू येते.

एकाच स्वराची घंटा पोकळ वाटते. टांगलेल्या सरळ दांड्याचा दुसरा स्वर पहिल्याच्या सुमारे 2.76 पट असतो. म्हणून 22 ऐवजी 8.2 किलोओहम घालून दुसरे जाळे करावे (गुणोत्तर 2.68) आणि त्याचा आवाज पहिल्यापेक्षा कमी ठेवावा. एवढ्याने नादाला धातूचा कस येतो.

स्थानकाच्या घंटेला स्पंद देण्यास पुश बटण पुरते. हाताच्या ठोक्यांतील कमीजास्त अंतर त्यातच उतरते. अमेरिकी घंटेला मात्र ठरावीक लय हवी. तेथे 555 हा टायमर आयसी 10 व 68 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरड घेऊन सेकंदाला साधारण एक ठोका देते.

पुढे आवाज वाढवणारा एलएम 386 आयसी आणि 8 ओहमचा स्पीकर. वीजपुरवठा रुळांच्या पुरवठ्यापासून वेगळा ठेवावा, नाहीतर मोटरच्या ब्रशांच्या ठिणग्यांनी खरखर होते आणि घंटा आपोआप वाजते.