खासगी एफएम केंद्रांचे वार्षिक शुल्क

भारतात खासगी एफएम केंद्र चालवणाऱ्या कंपनीला प्रक्षेपणाच्या परवानगीपोटी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे दरसाल भरावी लागणारी रक्कम. बोलण्यात तिला ‘लायसन्स फी’च म्हणतात. लिलावात वारंवारिता (प्रक्षेपणासाठीची ठरावीक फ्रिक्वेन्सी) मिळवताना एकदाच भरायचे प्रवेश शुल्क निराळे, आणि लहरींच्या वापराबद्दलचे स्वामित्व शुल्कही निराळे. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. लोकांच्या मालकीची वस्तू वापरून धंदा करायचा, तर लोकांना त्याचा मोबदला मिळायला हवा, हा या आकारणीमागचा विचार आहे आणि तो रास्तच आहे. वाद होत आला तो मोबदला मोजण्याच्या पद्धतीवरून.

खासगी एफएमला परवानगी देण्याच्या धोरणाच्या पहिल्या टप्प्यात (१९९९) शुल्क ठरावीक होते. लिलावात बोललेली रक्कम पहिल्या वर्षी भरायची आणि पुढे दरवर्षी ती १५ टक्क्यांनी वाढत जायची. मुंबईच्या एका वाहिनीची बोली ९.७५ कोटी रुपयांवर गेली होती. याच हिशेबाने पाचव्या वर्षी सुमारे १७ कोटी आणि दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या वर शुल्क भरावे लागले असते, मग जाहिराती मिळोत वा न मिळोत. लिलावाला काढलेल्या १०८ वारंवारितांपैकी जेमतेम वीसएक केंद्रे प्रत्यक्ष सुरू झाली. ऐकणाऱ्यांची वाण नव्हती. या हिशेबातच बहुतेकांचा उत्साह मावळला.

सरकारने नेमलेल्या अमित मित्रा समितीने २००३ मध्ये उत्पन्नातील वाट्याची पद्धत सुचवली. जुलै २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ती आली आणि ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के हा दर रूढ झाला. ‘ढोबळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा: जाहिरातदाराला दिलेली सवलत त्यातून वजा होते, पण जाहिरात संस्थेची दलाली वजा करता येत नाही. हातात न आलेल्या पैशावरही टक्केवारी लागते, असा त्याचा अर्थ.

टक्केवारीला तळही होता. जुलै २०११ च्या तिसऱ्या टप्प्यात ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा प्रवेश शुल्काच्या २.५ टक्के, यांतील जी रक्कम मोठी ती भरायची, असे ठरले. ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर आणि बेटांसाठी पहिली तीन वर्षे हे दर निम्मे ठेवले. समजा, एखाद्या केंद्राने ४० कोटींना वारंवारिता घेतली, तर त्याचे किमान शुल्क १ कोटी. ते ४ टक्क्यांत बसायला वर्षाचे उत्पन्न २५ कोटी हवे. उत्पन्न १० कोटींवर आले, तर शुल्क प्रत्यक्षात १० टक्के पडते. करोनाकाळात जाहिराती आटल्या तेव्हा हा तळ जाचक ठरला. उत्साहाच्या भरात लावलेली बोली पंधरा वर्षांच्या परवानगीभर मानगुटीवर बसावी, ही रचना या लेखकाला सदोष वाटते. दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही सप्टेंबर २०२३ मध्ये शुल्काची प्रवेश शुल्काशी घातलेली सांगड सोडवण्याची शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी देताना त्यांच्यासाठी जीएसटी वगळून ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के असा दर ठेवला.

सामुदायिक नभोवाणी केंद्रांना, म्हणजे संस्थांनी आपल्या परिसरापुरती, नफ्याविना चालवलेल्या केंद्रांना, हे शुल्क नाही. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ किंवा म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ यांसारख्या केंद्रांवर बोजा असतो तो लहरींच्या वापराचा. २०१२ मध्ये ही आकारणी वर्षाला १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपयांवर नेली, तेव्हा देशभरातील केंद्रांनी निषेध केला. शहरी वाहिनीला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण गावातल्या केंद्राला तेवढ्यात निवेदकाचे कित्येक महिन्यांचे मानधन भागवता येते.