सेशन संपलं, शरीर अजून तिथेच

सकाळी साडेनऊपासून ४५ मिनिटांची सात सेशन्स, मध्ये डब्यासाठी अर्धा तास, आणि प्रत्येक सेशननंतर दाराशी थांबलेल्या आईबाबांना आज काय काय झालं ते सांगायचं. ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्या विशेष शिक्षिकेचा, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्टचा दिवस बऱ्याच ठिकाणी असाच असतो. पहिलं सेशन १०.१५ ला संपतं आणि दुसरं १०.१५ लाच सुरू होतं. त्या दोन वेळांमध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवलेली नसते. या कामातल्या थकव्याचा विचार करताना आधी या वेळापत्रकाकडे पाहावं, माणसाच्या मनोबलाकडे नंतर.

समजा, १०.१० ला एका मुलाचा मेल्टडाउन शमला. मेल्टडाउन म्हणजे हट्ट नव्हे. आवाज, उजेड, अचानक झालेला बदल, न पेलणारी सूचना यांनी मुलाची मज्जासंस्था काठोकाठ भरते आणि उतू जाते. मूल किंचाळतं, डोकं आपटतं, हाताला लागेल त्याला चावतं. जवळच्या ताईने त्या वेळी आवाज खाली, चेहरा मऊ आणि हालचाली संथ ठेवायच्या असतात, आणि ती तसं करतेही. तिच्या शरीरात मात्र त्याच वेळी धोक्याची घंटा वाजत असते. अ‍ॅड्रिनॅलिन काही मिनिटांत ओसरतं. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक सावकाश चालतं. ताणाच्या प्रसंगानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याची पातळी सर्वांत वर जाते, आणि ती निम्मी व्हायला पुढे तास-सव्वा तास लागतो. म्हणजे १०.३५ ला ताई पुढच्या मुलासमोर चित्रांची कार्डं मांडत असते, तेव्हा तिचं शरीर आधीच्या मुलापाशीच असतं. खुर्ची सरकल्याच्या आवाजानेही ती दचकते, सूचना नेहमीपेक्षा भरभर देते, मुलाच्या उत्तराची पाच सेकंद वाट पाहायची ती दोनच सेकंद पाहते. समोरच्या मुलाला हे जाणवतं आणि दुसऱ्या मेल्टडाउनची तयारी होते.

आतलं वादळ लपवून शांत दिसण्याच्या या कष्टाला समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' म्हटलं. त्यांचा अभ्यास विमानातल्या कर्मचाऱ्यांवर होता. भावना न बदलता फक्त चेहरा बदलणं आणि परिस्थितीकडे पाहण्याची नजर बदलून भावनाच बदलणं, असे दोन मार्ग त्यांनी वेगळे केले. पुढच्या अभ्यासांत थकव्याशी जास्त जोडलेला निघाला तो पहिला मार्ग. ऑटिझमच्या क्षेत्रात हा फरक फार मोलाचा आहे, कारण इथे नजर खरोखर बदलता येते.

१९९८ मध्ये ब्रिटनमध्ये डॅग्नन, ट्रोअर आणि स्मिथ यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. समोरची व्यक्ती हे वागणं स्वतःच्या ताब्यात ठेवू शकते असं जितकं वाटेल, तितका राग जास्त आणि मदत करण्याची इच्छा कमी, अशी साखळी त्यातून दिसली. आपल्याकडच्या वर्गात ही साखळी एका शब्दापासून सुरू होते: 'मुद्दाम'. 'मुद्दाम ढकलतो', 'मी पाठ वळवली की मुद्दाम करतो'. दिवसातून दहा वेळा आपला कोणीतरी मुद्दाम छळ करतंय असं वाटत राहिलं, तर कितीही प्रेमळ माणूस वर्षभरात कोरडा होईल.

यावरचा उपाय एका वहीत मावतो. आधी काय होतं, काय घडलं, नंतर काय झालं, असे तीन रकाने. दोन आठवड्यांत दहा-पंधरा नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते. बहुतेक वह्या पहिल्याच रकान्यात फसतात, कारण तिथे 'विनाकारण' असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी वेळ, जागा आणि जवळ कोण होतं ते लिहावं. कोणता आवाज चालू होता, मिक्सर, घंटा की कुरकुरणारा पंखा, ते लिहावं. कोणती सूचना किती वेळा दिली, शेवटचं खाणं कधी झालं, रात्रीची झोप किती, पोट साफ झालं का, हेही लिहावं. न बोलणाऱ्या मुलाचा दुखरा दात किंवा बद्धकोष्ठता महिनोन् महिने 'वर्तनसमस्या' म्हणून वावरू शकते. कारण सापडलं की मुलाचं दुखणं कमी होतंच, आणि 'मुद्दाम' हा शब्द गळून पडल्यामुळे ताईच्या मनावरचं ओझंही उतरतं. वही एकच, फायदा दोघांचा.

दुसरी गोष्ट नात्यातल्या परतफेडीची. आपण हसलो की समोरचा हसतो, या छोट्या देवाणघेवाणीवर शिकवणारा माणूस नकळत जगत असतो. ऑटिझममध्ये ही परतफेड वेगळ्या रूपात येते आणि ओळखता न आल्यामुळे वाया जाते. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकांनी २०१२ मध्ये मांडलं की समजुतीतली ही फट दोन्ही बाजूंनी असते. ऑटिस्टिक व्यक्तीला आपण जितके अवघड वाटतो, तितकीच ती आपल्याला वाटते. डोळ्यांत न पाहणारं मूल तुम्ही आल्यावर हात फडफडवतं का, तुमचं मनगट धरून कपाटाकडे नेतं का, पाठ तुमच्याकडे करून पण तुमच्याच चटईवर बसतं का, हे टिपून ठेवावं. तेच त्याचं हसू.

'बर्नआउट', म्हणजे कामाच्या ताणाने आतून संपून जाणं, हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांबद्दल वापरला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्यासाठी २२ विधानांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात तीन गोष्टी मोजल्या जातात. भावना आटून जाणं सगळ्यांना कळतं. समोरच्याला माणूस म्हणून पाहणं सुटणं लवकर कळत नाही. मुलाचं नाव मागे पडून 'तो चावणारा', 'ती रडकी' असे उल्लेख स्टाफरूममध्ये सुरू झाले, की ही खूण समजावी. असं बोलणारी व्यक्ती वाईट असते असं नाही, तिला विश्रांती हवी असते. तिसरी खूण म्हणजे आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना. जिथे एक शब्द यायला आठ महिने लागू शकतात, तिथे ही भावना येणारच. म्हणून मुलाची प्रगती मोजायची पट्टी बारीक करावी लागते. हात धुण्याच्या नऊ पायऱ्या पाडल्या आणि जूनमध्ये सात पायऱ्यांना हात धरावा लागत होता, ऑक्टोबरमध्ये चारच, हे आलेखावर दिसलं तर चार महिने फुकट गेले असं कोणी म्हणणार नाही.

मराठीत 'जीव तुटणं' आणि 'जीव लावणं' असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत, आणि मेंदूविज्ञान जवळपास हाच भेद करतं. मेंदूसंशोधक तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवण्याचा सराव केलेल्या लोकांमध्ये नकारात्मक भावना वाढल्या. त्यानंतर दुसऱ्याचं भलं चिंतण्याचा, करुणेचा सराव दिला, तेव्हा त्या उतरल्या आणि मेंदूत समाधानाशी निगडित भाग सक्रिय झाले. मुलाचं रडणं पाहून जीव तुटू लागला, की 'याला आत्ता कशाने बरं वाटेल' हा प्रश्न मनात आणावा. प्रश्न साधा आहे, पण तो लक्ष वेदनेवरून कृतीवर नेतो.

आता मोठ्या प्रसंगानंतर काय करायचं ते सविस्तर सांगायला हवं, कारण चुका इथेच जास्त होतात.

मूल चावलं तर हात ओढू नये, ओढल्याने मांस फाटतं. हात हलकेच तोंडाच्या दिशेने आत न्यावा, पकड सैल होते. मुलाच्या नाकावर दाब येऊ देऊ नये. दुसऱ्या सहकाऱ्याने आधी ठरलेलं एकच वाक्य म्हणून ताबा घ्यावा: 'मी आहे इथे, तू जाऊन ये.' त्या क्षणी चौकशी नको. त्वचा फाटली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. माणसाच्या चाव्यातून संसर्ग लवकर होतो आणि धनुर्वाताच्या लशीचीही विचारणा करावी लागते. हिपॅटायटिस बीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस नोकरी लागतानाच सुरू करावेत, खर्च संस्थेने उचलावा.

मग पाणी प्यावं आणि बसावं. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. मिनिटाला सहा श्वासांच्या या लयीत हृदयाची गती स्थिरावायला मदत होते. पुढची २० ते ३० मिनिटं समोर मूल देऊ नये. कार्डं लॅमिनेट करणं, खेळणी पुसणं अशी कामं चालतील. घटनेची नोंद त्याच दिवशी, पण शांत झाल्यावर, दहा ओळींत.

पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी सगळ्यांना बसवून त्या व्यक्तीला 'मन मोकळं कर' म्हणतात. हेतू चांगला असतो, तरी हे टाळावं. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं सांगायला लावण्याच्या पद्धतीचा २००२ मध्ये कॉक्रेन आढावा झाला, म्हणजे तिच्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात पुढचा मानसिक त्रास टळल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि काहींना अपाय झाल्याची चिन्हं दिसली. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने एकट्यात 'झोप कशी आहे?' एवढं विचारावं. महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल किंवा त्या खोलीत जायला पाय उचलत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं.

कानांबद्दल कोणी बोलत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सुरक्षित मानतात, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि कानाजवळची किंचाळी तिथवर पोचू शकते. बोलणं ऐकू येईल इतपतच आवाज कमी करणारे इअरप्लग खिशात असावेत. मुलांना आवाज अडवणारे हेडफोन देणाऱ्या केंद्रांनी ताईंनाही इअरप्लग द्यावेत.

घरी गेल्यावरची विश्रांती मोबाइलपाशी अडते. कामापासून मन सुटणं हा ताजंतवानं होण्याचा कणा आहे, असं मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेन्टाग यांच्या संशोधनातून वारंवार दिसलं आहे. रात्री दहाला आलेल्या पालकांच्या व्हॉइस नोटने ते सुटणं तुटतं. पालकांची काळजी खरी आणि रास्त असते, म्हणून नुसतं 'मेसेज करू नका' सांगून भागत नाही. केंद्राचा वेगळा नंबर, उत्तराची ठरलेली वेळ आणि मुलाच्या डायरीत रोज दोन ओळी, एवढं केलं की रात्रीचे बरेचसे मेसेज येतच नाहीत.

स्वतःची तपासणी करायला प्रोक्वॉल (ProQOL) ही कामातलं समाधान आणि थकवा मोजणारी ३० विधानांची मोफत प्रश्नावली आहे. मागच्या ३० दिवसांचा विचार करून उत्तरं द्यायची. दर तीन महिन्यांनी भरावी, आणि गुण स्वतःपाशीच ठेवावेत. ते व्यवस्थापनाने मागितले की लोक खरं लिहीत नाहीत. सलग दोन आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो बर्नआउटच असेल असं गृहीत धरू नये, नैराश्यही असू शकतं. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

यातलं बरंचसं एकट्या व्यक्तीच्या हातात नाही. कामाचा भार जास्त आणि त्यावरचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त झिजवते, असं कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. एका शिक्षिकेला अनेक शाळा फिरायला लावून तिला ध्यानाच्या कार्यशाळेला पाठवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. सात सेशन्सची सहा करून प्रत्येकामध्ये दहा मिनिटं ठेवणं, हा कार्यशाळेपेक्षा खात्रीचा उपाय आहे. ती दहा मिनिटं नोंदी आणि पालकांशी बोलण्यात जाऊ नयेत, त्यासाठी वेगळी वेळ लावावी.

आणि मावशी. मुलाला शौचालयात नेणाऱ्या, भरवणाऱ्या, व्हॅनमधून उतरवणाऱ्या. चावे आणि ओरखडे त्यांच्याच वाट्याला जास्त येतात, पण तीन रकान्यांची वही त्यांच्या हातात नसते आणि केंद्राच्या आठवड्याच्या बैठकीला त्यांना बोलावलं जात नाही. व्हॅनमध्ये खिडकीच्या कोणत्या बाजूला बसवलं की मूल शांत राहतं, हे मात्र त्यांनाच माहीत असतं. बैठकीची वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरावी, पगारासकट. लिहिणं जड जात असेल तर त्यांनी सांगावं आणि इतर कोणी लिहून घ्यावं.