टोकं टाळणं वेगळं, यादीमुळे गुण हलणं वेगळं

आरोग्यस्थितींना ० (सर्वांत वाईट) ते १०० (सर्वांत चांगली) असे गुण द्यायला सांगणाऱ्या पट्टीबद्दल प्रबंधांमधून एकच वाक्य फिरत असतं: ‘लोक टोकं टाळतात, म्हणून रेटिंग स्केलमध्ये बायस येतो.’ हे अर्धंच खरं आहे, आणि राहून गेलेलं अर्धं जास्त गंभीर आहे.

टोकं टाळणं तुम्हाला ठाऊकच आहे. ० किंवा १०० जवळ खूण करायला हात धजत नाही. किरकोळ त्रास ९७ ला असायला हवा, तो ८५ ला येऊन बसतो आणि त्यावरच्या उपचाराचा फायदा फुगलेला दिसतो. पाच-दहाच्या पटीतले आकडे धरण्याची सवयही असते; तिने फार बिघडत नाही.

खरा घोळ यादीचा. समजा, गुडघेदुखीमुळे जिना चढता येत नाही, अशी एक स्थिती आहे. सोबत सर्दी, चष्मा, अधूनमधून डोकेदुखी असेल तर ती तळाशी जाईल, ३५ च्या आसपास. तीच स्थिती पक्षाघात आणि अंथरुणाला खिळण्याच्या शेजारी ठेवा, ७५ सहज मिळतील. गुडघा तोच, दुखणंही तेवढंच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन पार्डुची यांनी १९६५ मध्ये यामागचं गणित मांडलं: माणूस समोरच्या यादीतलं सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगलं पट्टीच्या दोन टोकांकडे ताणतो, शिवाय पट्टीचा प्रत्येक भाग साधारण सारखा वापरू पाहतो. त्यामुळे यादीत सौम्य स्थितींची गर्दी असली की त्यांच्यातली अंतरं उगाच वाढतात.

म्हणजे एक खोड गुण आत ओढते, दुसरी बाहेर ताणते. दोन्ही एकाच सर्वेक्षणात आल्या तर एकमेकींना झाकतात. म्हणूनच ‘गुण पट्टीभर छान पसरलेत, तेव्हा बायस नाही’ असं वाचलं की मला राग येतो. ते पसरणंच यादीचा परिणाम असू शकतं.

तपासायचं असेल तर मोजायची स्थिती तीच ठेवा, सोबतच्या स्थिती बदला आणि दोन याद्या चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांना द्या. गुण हलले तर दोष यादीचा. पट्टी लांब करून किंवा टोकांवरचे शब्द बदलून तो जात नाही.

क्यूएएलवाय (आरोग्याच्या दर्जानुसार तोललेली आयुष्याची वर्षं) काढताना तर व्हीएएसचा, म्हणजे याच पट्टीचा, आकडा १०० ने भागून वापरूच नये. टाइम ट्रेड-ऑफ या दुसऱ्या पद्धतीत ‘या स्थितीतल्या १० वर्षांऐवजी निरोगी किती वर्षं चालतील?’ असं विचारतात. त्यालाही त्याच्या खोडी आहेत, पण तिथे उत्तर देणाऱ्याला काहीतरी सोडावं लागतं. पट्टीवर खूण करताना काहीच सोडावं लागत नाही. ईक्यू-५डी-५एल या आरोग्य-प्रश्नावलीचा भारतीय मूल्यसंच (तिच्यातल्या प्रत्येक स्थितीचं मूल्य देणारा तक्ता) २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही टाइम ट्रेड-ऑफ आणि पर्याय-निवडीच्या प्रश्नांवर उभा आहे. इथल्या अभ्यासात तोच वापरावा.