मेकर-चेकर पद्धत

बँकेतील कोणताही व्यवहार एकाच कर्मचाऱ्याच्या हातून सुरू होऊन त्याच्याच हातून पुरा होऊ नये, यासाठीची अंतर्गत नियंत्रणाची पद्धत. एकाने नोंद करायची (मेकर), दुसऱ्याने कागद पाहून ती मंजूर करायची (चेकर). रीत जुनीच आहे. कारकून व्हाउचर लिही आणि अधिकारी सही करून ते 'पास' करी. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात त्याही याच विचाराने. कोअर बँकिंगमध्ये (सीबीएस, म्हणजे सर्व शाखांची खाती एकत्र ठेवणारी बँकेची संगणक प्रणाली) नोंद करणाऱ्याच्या आयडीवरून ती मंजूर होत नाही. रक्कम मोठी असली की आणखी वरच्या अधिकाऱ्याकडे जावे लागते. एवढे असूनही गर्दीच्या वेळी चेकर व्हाउचर न बघताच एंटर दाबतो किंवा जेवायला जाताना पासवर्ड शेजाऱ्याला सांगून जातो, हे शाखेत काम केलेल्या कोणालाही नवे नाही.

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेत मात्र प्रकरण निष्काळजीपणाच्या पलीकडचे होते. नीरव मोदी व मेहुल चोक्सी या हिरे-दागिने व्यापाऱ्यांच्या कंपन्यांसाठी भारतीय बँकांच्या परदेशातील शाखांना 'स्विफ्ट' या बँकांमधील संदेशप्रणालीवरून हमीपत्रे (एलओयू) जात होती. स्विफ्ट सीबीएसला जोडलेले नसल्याने त्यांची बँकेच्या खतावणीत नोंदच होत नव्हती, आणि जे खतावणीत नाही ते लेखापरीक्षकाला दिसणार कसे? संबंधित उपव्यवस्थापक 2010 पासून 2017 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच शाखेत होता. बदल्यांचा नियम त्याला लागला नाही. जानेवारी 2018 मध्ये नव्या अधिकाऱ्याने हमीपत्रासाठी शंभर टक्के मार्जिन (हमीइतकी रक्कम आगाऊ ठेव म्हणून) मागितले, तेव्हा 'आधी कधी लागले नव्हते' असे कंपन्यांकडून उत्तर आले. जुन्या व्यवहारांची नोंद शोधली, तर ती सापडेना. बँकेने फेब्रुवारीत जाहीर केलेला घोटाळ्याचा सुमारे 11,400 कोटी रुपयांचा आकडा पुढे 13,000 कोटींच्या वर गेला. मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने एलओयूच बंद केले. स्विफ्ट सीबीएसला जोडण्याची सक्तीही त्याच वर्षी केली.

वरिष्ठच सामील असले की चेकर नावापुरता उरतो. पीएमसी या मुंबईतील सहकारी बँकेत एचडीआयएल या बांधकाम समूहाची 44 थकीत कर्जखाती 21,000 हून अधिक बनावट खात्यांआड दडवली गेली. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला जेमतेम 1,000 रुपये काढता येत होते.

संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान 10 कामकाजी दिवस सक्तीच्या रजेवर पाठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा 2021 चा आदेश आहे. त्या काळात त्यांचे टेबल दुसरे कोणी सांभाळते, म्हणजे काही दडवलेले असेल तर ते त्याच्या नजरेस पडावे.