वार्षिक इतिवृत्तामागची भांडणं: भारत इतिहास संशोधक मंडळाची पार्श्वभूमी

संस्थांची वार्षिक इतिवृत्तं कुणी आवडीने वाचत नाही, मान्य. इतकी व्याख्यानं झाली, अमुक घराण्याने दप्तर दिलं, देणगीदारांचे आभार, मग जमाखर्च, संपलं. पण पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्षभराच्या कामाकडे बघताना एक गोष्ट माहीत असावी, ती म्हणजे कागद मिळवायचा, चारचौघांत वाचायचा आणि मग छापायचा ही सगळी पद्धत भांडणातून आलेली आहे. पुणंच ते, दुसरं काय होणार!

पहिलं भांडण ग्रँट डफशी. साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी असलेल्या या माणसाने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला आणि पुढे कितीतरी वर्षं तोच शेवटचा शब्द धरला जायचा. 1860 च्या दशकात नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर टीका करणारा निबंध पुण्यात वाचला. आता नुसती टीका करून भागत नाही, पुरावा लागतो, आणि पुरावा कुठे होता? सरकारी पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवाईच्या कागदांच्या सरकारी संग्रहात, जिथे आपल्या अभ्यासकांना सहजासहजी प्रवेश नव्हता, किंवा मग देशमुख-कुलकर्णी-सरदारांच्या वाड्यांत माळ्यावर, वाळवीच्या तावडीत. 1878 ला जुने कागद छापणारं काव्येतिहाससंग्रह हे मासिक सुरू झालं, तिकडे मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांचे कागद छापायला लागले, आणि 1898 मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात 1750 ते 1761 ची पत्रं, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची.

राजवाडे गावोगाव हिंडून रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) सोडवायचे, मोडी वाचायचे, मिळेल तिथे छापायचे. पण एकटा माणूस किती करणार, शिवाय जमवलेलं ठेवायचं कुठे हाही प्रश्नच. म्हणून 7 जुलै 1910 ला त्यांनी आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळ्यांनी हे मंडळ काढलं. ठरावीक दिवशी सभा घ्यायची, ज्याला जे सापडलं त्याने ते तिथे वाचायचं, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं आणि वर्षअखेरीला ते इतिवृत्तात छापायचं. त्यामुळे मंडळाची सुरुवातीची इतिवृत्तं (शके 1832 पासूनची) म्हणजे नुसता अहवाल नव्हे, तीच मुळात संशोधनाची पुस्तकं आहेत, आजही अभ्यासक तळटीपेत 'इतिवृत्त शके 1835' असा हवाला देतात तो याच अर्थाने. वार्षिक संमेलनांची वृत्तं वेगळी निघायची.

आणि यातलंच एक वृत्त सगळ्यात गाजलं, 1916 चं, चौथ्या संमेलनाचं. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडची एक शकावली लोकमान्य टिळकांना मिळाली होती, ती त्यांनी यात प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडलं याची कोरडी टिपणं, ना अलंकार ना चमत्कार, आणि म्हणूनच मला ती बखरीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म बखरींप्रमाणे शके 1549 चा, म्हणजे 1627 चा धरत होते. जेधे शकावली म्हणाली शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. एकदम जवळपास तीन वर्षांचा फरक! मग जे रण पेटलं ते विचारू नका. पुढे राजस्थानात जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली निघाली, तंजावरला परमानंदाच्या 'शिवभारता'ची पोथी सापडली, ती सदाशिव महादेव दिवेकरांनी संपादून 1927 मध्ये छापून आली आणि त्यातही तीच तिथी. तरीसुद्धा जुन्या तारखेचे लोक हटले नाहीत. सरकारने 1966 ला समिती नेमली, तिच्यात एकमत काही झालं नाही आणि 19 फेब्रुवारीच्या बाजूने सरकारी निर्णय लागला तो 2001 साली. म्हणजे मंडळाच्या एका वर्षाच्या वृत्तात छापलेली चार ओळींची नोंद सुट्टीच्या यादीत यायला 85 वर्षं लागली.

मधल्या काळात मंडळाचं रूप बदललं. 1920 पासून त्रैमासिक निघायला लागलं, मग टिपणं तिकडे जाऊ लागली आणि इतिवृत्त हळूहळू कारभाराचा अहवाल होत गेलं, आज ते कंटाळवाणं वाटतं ते त्यामुळे. दत्तो वामन पोतदारांनी वर्षानुवर्षं संस्था चालवली. ग. ह. खऱ्यांनी फारसी शिकून फारसी कागदांचे खंड काढले, माझ्या मते मंडळाला पडलेली सगळ्यात मोठी उणीव त्यांनीच भरून काढली, कारण आदिलशाही-मोगलांची बाजू न वाचता शिवकाळ लिहिणं म्हणजे अर्धाच निकाल. पेशवे दप्तर म्हणाल तर तेही 1930 च्या दशकात इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली 45 भागांत निवडक छापून बाहेर आलं.

राजवाडे मात्र तोवर नव्हते. स्वतः काढलेल्या मंडळाशीही त्यांचं बिनसलं, ते धुळ्याला गेले, 31 डिसेंबर 1926 ला तिथेच वारले, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांसाठी धुळेकरांनी लगेच 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. एका माणसाच्या दोन संस्था, दोन गावांत, दोन्हींची इतिवृत्तं वेगळी.